जुन्या कागदांचा अखेरचा प्रवास
गोपनीय अभिलेखांचा सुरक्षित नाश आणि पुनर्वापर



वार्षिक अहवालाच्या पानांतून आपण दरवर्षी रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांचा तपशील वाचता. या सर्व कामामागे एक मूक सोबती असतो, तो म्हणजे कागद. रुग्ण दाराशी आल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्या नावाने कागद तयार होत राहतात. ते लिहिले कसे जातात हे सर्वांना दिसते. त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त या सर्वांचा या प्रश्नाशी थेट संबंध असल्याने त्याची सविस्तर माहिती यंदाच्या अहवालात देत आहोत.

कागद कोणकोणते?

अभिलेख कक्षात केवळ केसपेपर असतात, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तेथील दप्तराचा मोठा भाग शासनाच्या कामकाजाशी निगडित असतो. अपघाताच्या वा विषबाधेच्या रुग्णाबाबत पोलिसांशी झालेला पत्रव्यवहार, सोनोग्राफीपूर्वी भरावयाचा ‘एफ’ नमुना, गर्भपाताची नोंदवही, जन्म-मृत्यूच्या प्रपत्रांच्या स्थळप्रती, २०१२ पासून बंधनकारक झालेल्या क्षयरुग्णांच्या सूचना आणि शासकीय आरोग्य योजनांचे मंजुरीचे कागद हे सारे तेथे एकत्र नांदत असते.

यांत सर्वांत नाजूक कागद असतात ते निर्धन रुग्णांचे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही सवलत मिळविण्यासाठी रुग्णाला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका सादर करावी लागते. म्हणजे ज्याच्याजवळ सर्वांत कमी असते, त्यालाच आपल्या संसाराची सर्वांत जास्त माहिती आमच्या हाती सोपवावी लागते. कुटुंबातील माणसे किती, कमावते किती, उत्पन्न किती आणि आजार कोणता, हे सर्व एकाच फाइलीत टाचलेले असते.

देणगीदारांचेही कागद आहेतच. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून आयकर सवलतीस पात्र देणग्यांचे विवरण देणगीदाराच्या ओळख क्रमांकासह आयकर विभागाला सादर करणे आवश्यक झाले. त्यामुळे पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीवर नाव, पत्ता, रक्कम आणि पॅन क्रमांक हे चारही तपशील एका ओळीत सापडतात. असा कागद भलत्या हाती पडणे कोणालाही परवडणारे नाही.

गोपनीयता कोणासाठी?

रुग्णाच्या घरातील गोष्ट वैद्याने बाहेर बोलू नये, हा दंडक चरकसंहितेइतका जुना आहे. आधुनिक कायद्याने त्याला निश्चित रूप दिले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांत रुग्णाचे गुपित उघड न करण्याचे बंधन आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून नोंदला आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याने अशा नोंदी बाळगणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी टाकली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. हा कायदा संगणकावरील माहितीसाठी आहे. कागदावरून नंतर संगणकावर चढविलेली माहितीही त्यात येते. जो कागद कधीच संगणकात गेला नाही, तो या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून तर त्याची काळजी संस्थेने आपल्या विवेकाने घ्यावयाची असते.

कायदे बाजूला ठेवले तरी व्यवहार सर्वांना ठाऊक आहे. क्षयाचा, मनोविकाराचा वा गर्भपाताचा एक कागद गावात पोहोचला, तर ठरलेले लग्न मोडू शकते, नोकरी जाऊ शकते, भाड्याची खोली सोडावी लागू शकते. आजार बरा होतो. पण त्याची झालेली वाच्यता परत घेता येत नाही.

किती काळ जपावे?

नाशाचा विचार करण्यापूर्वी जतनाचा विचार करावा लागतो. मुदतीपूर्वी कागद नष्ट करणे हाही रुग्णावर अन्यायच आहे. अपंगत्वाचा दाखला, विम्याचा दावा, अपघाताची भरपाई किंवा पुढील शस्त्रक्रिया या प्रत्येक वेळी जुना कागद हाच रुग्णाचा साक्षीदार असतो.

२००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षे जतन करावे लागतात, आणि रुग्णाने, अधिकृत प्रतिनिधीने किंवा न्याययंत्रणेने मागणी केल्यास ते ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. (ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम प्रसिद्ध झाले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित झाल्याने २००२ चेच विनियम लागू राहिले.) गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील नोंदी २ वर्षे, आणि न्यायालयीन कार्यवाही चालू असल्यास तिचा अंतिम निकाल लागेपर्यंत ठेवावयाच्या असतात. २००३ च्या विनियमांनुसार गर्भपाताची नोंदवही संबंधित कॅलेंडर वर्ष संपल्यापासून ५ वर्षे ठेवावयाची असून ती गुप्त दस्तऐवज मानली जाते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नोंदींना २०१६ च्या नियमांनी ५ वर्षांची मुदत घातली आहे. हिशेबाच्या पुस्तकांबाबत २०२२ मध्ये आयकर नियमांत आलेल्या नियम १७ अअ ने धर्मादाय न्यासांसाठी संबंधित कर-निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून १० वर्षांची मुदत घातली, व आम्ही तीच धरून चालतो.

या मुदती किमान आहेत. न्यायवैद्यक प्रकरणे, वाद चालू असलेली प्रकरणे, अज्ञान बालकांचे अभिलेख आणि ज्यांचे उपचार अद्याप चालू आहेत अशा रुग्णांच्या फाइली नाशाच्या यादीत घेतल्या जात नाहीत, मग त्यांवर कितीही धूळ साचलेली असो.

याउलट, मुदत संपल्यावर कागद उगाच साठवून ठेवणे हेही सुरक्षित नाही. वाळवी, उंदीर, पावसाळ्यातील गळती आणि विजेच्या ठिणगीचे भय तर असतेच. शिवाय जितका कागद अधिक, तितके त्यावर लक्ष ठेवणे अवघड. कोंदट तळघरात विसरलेला गठ्ठा हा कुलूप नसलेल्या कपाटासारखाच असतो.

शासकीय दप्तराची शिस्त

या बाबतीत शासनाच्या जुन्या दप्तर-पद्धतीकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ व ‘ड’ असे वर्ग पाडतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवावयाचे, ‘ड’ वर्गाचे अल्प मुदतीनंतर नष्ट करावयाचे, आणि मधल्या वर्गांना मधल्या मुदती. जिल्हा परिषदेत वा तहसील कचेरीत काम केलेल्या वाचकांना ‘सहा गठ्ठे पद्धत’ परिचित असेल. टेबलावरील कागद सहा गठ्ठ्यांत विभागले जातात, आणि त्यांतला एक गठ्ठा नष्ट करावयाच्या कागदांसाठीच राखलेला असतो. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तर लावण्याचा जो प्रयोग केला, तो पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. कागद लावणे आणि निकामी कागद काढून टाकणे या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

कायदाही या विषयात कडक आहे. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार विहित पद्धतीखेरीज कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येत नाही; तसे केल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १८९२ पूर्वीचा अभिलेख तर, अगदी निरुपयोगी झाल्याचे अभिलेखागाराच्या प्रमुखांचे मत झाल्याखेरीज, नष्ट करताच येत नाही. राज्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. ऑक्टोबर २०२१ पासून केंद्र शासन दरवर्षी ऑक्टोबरमध्ये जुन्या फाइली निकाली काढण्याची विशेष मोहीम राबवीत आले आहे. हे कायदे मुळात शासकीय कार्यालयांसाठी असले, तरी आधी वर्गवारी, मग परीक्षण, मग लेखी मंजुरी, आणि नाशानंतरही यादी जतन, हा त्यांतील क्रम आम्ही जसाच्या तसा स्वीकारला आहे.

जाळणे, पुरणे की रद्दीत देणे?

कागद संपविण्याचे तीन मार्ग सामान्यतः सुचतात, आणि तिन्ही सदोष आहेत.

पहिला मार्ग जाळण्याचा. घट्ट बांधलेला गठ्ठा आगीत टाकला तर कडा करपतात. आत हवा न पोहोचल्याने मधली पाने शाबूत राहतात. अर्धवट जळलेली पाने वाऱ्यावर उडून शेजारच्या आवारात पडतात. शिवाय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून ५ हजार, व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपयांची भरपाई ठरविली. श्वसनविकाराच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या संस्थेने आपल्याच अंगणात धूर करावा, हे तर मुळीच शोभणारे नाही.

दुसरा मार्ग पुरण्याचा. कोरड्या जमिनीत कागद वर्षानुवर्षे वाचण्याजोगा राहतो. पुढे कोणी पाया खणला की तो पुन्हा वर येतो.

तिसरा आणि सर्वांत प्रचलित मार्ग रद्दीचा. रद्दीच्या दुकानातून कागद वखारीत जातो, तेथे प्रतवारी होते, आणि एका बाजूने कोरा राहिलेला स्वच्छ कागद पुड्या बांधण्यासाठी वेगळा निघतो. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत असा इशारा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला आणि २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांत वर्तमानपत्राच्या वापरास मनाई केली. तरीही भेळेच्या पुडीवर कोणाचे तरी नाव वाचल्याचा अनुभव अनेकांना असेल. त्या नावापुढे आजाराचेही नाव असेल, तर ती पुडी कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही.

तुकडा किती लहान?

यावर उपाय म्हणजे कागद कापण्याचे यंत्र, अर्थात श्रेडर. मात्र सर्व श्रेडर सारखे नसतात. यासंबंधी २०१२ मध्ये ‘डीआयएन ६६३९९’ हे जर्मन मानक आले व पुढे त्यावरून आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. त्यात कागदासाठी ‘पी-१’ ते ‘पी-७’ अशा सात पायऱ्या आहेत. ‘पी-२’ मध्ये सहा मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या निघतात. ‘पी-४’ मध्ये तुकड्याचे क्षेत्रफळ १६० चौरस मिलिमीटरपेक्षा अधिक नसते, ‘पी-५’ मध्ये ३० आणि ‘पी-७’ मध्ये अवघे ५.

साध्या हिशेबाने हा फरक स्पष्ट होतो. ए-फोर आकाराच्या पानाचे क्षेत्रफळ ६२,३७० चौरस मिलिमीटर असते. सहा मिलिमीटरच्या पट्ट्या केल्या तर एका पानाच्या ३५ पट्ट्या होतात. ‘पी-४’ यंत्रातून साधारण ३९० तुकडे निघतात, ‘पी-५’ मधून दोन हजारांहून अधिक, आणि ‘पी-७’ मधून सुमारे साडेबारा हजार.

पस्तीस पट्ट्या जोडणे अशक्य नाही, हे इतिहासाने सिद्ध केले आहे. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानमधील अमेरिकी वकिलात ताब्यात घेणाऱ्यांनी तेथील पट्ट्या झालेले कागद चिकाटीने जुळवून वाचले आणि पुढे ते ग्रंथरूपाने प्रसिद्धही केले. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी १९८९-९० च्या घाईत लक्षावधी कागद हातांनी फाडून टाकले होते. सुमारे १६ हजार पोती भरतील एवढे तुकडे हाती लागले, आणि १९९५ पासून ते जुळविण्याचे काम सुरू झाले. २०११ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने घेतलेल्या स्पर्धेत एका चमूने संगणकाच्या साह्याने दहा हजारांहून अधिक तुकड्यांतून पाच कोडी सोडविली.

आमच्या फाइलींमागे कोणी हेर लागलेला नाही, हे खरे आहे. तथापि ओळखीचे नाव दिसल्यावर चार पट्ट्या जुळवून पाहण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. यास्तव रुग्णांच्या कागदांसाठी ‘पी-४’ पेक्षा खालची पायरी आम्ही ग्राह्य धरीत नाही.

यंत्र चालविण्यातही एक बारकावा आहे. कागद असा सरकवावा की अक्षरांच्या ओळी पात्यांना आडव्या जातील. नोंदवहीचे आडवे पान सरळ ढकलले तर पट्टी ओळीच्या दिशेने कापली जाते आणि एखाद्या अरुंद तुकड्यावर संपूर्ण नाव वा दूरध्वनी क्रमांक सुखरूप राहू शकतो. म्हणून आडव्या नोंदवह्यांची पाने फिरवून घालण्याची सक्त सूचना आहे.

कापलेल्या कागदापासून नवा कागद

कागदाचा नाश म्हणजे त्यावरील मजकुराचा नाश. त्यातील तंतूचा नाश होण्याचे कारण नाही. कागद म्हणजे लाकडाचा वा बगॅसचा तंतू. कारखान्यात रद्दी मोठ्या कुंडात पाण्यासह घुसळतात, तेव्हा तंतू सुटे होऊन लगदा तयार होतो. जाळ्यांतून टाचण्या, पिना व प्लास्टिक अलग होते. पांढरा कागद करावयाचा असल्यास साबणासारखी द्रव्ये व हवेचे बुडबुडे सोडतात. शाई बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते व काढून टाकली जाते. पुठ्ठा वा तपकिरी वेष्टनाचा कागद करावयाचा असल्यास शाई काढण्याचीही गरज उरत नाही. गुजरातमधील वापी व मोरबी, तसेच उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर ही रद्दीपासून कागद बनविणाऱ्या कारखान्यांची मोठी केंद्रे आहेत.

येथे सुरक्षितता आणि उपयुक्तता यांची ओढाताण होते. प्रत्येक पुनर्वापरात तंतू आखूड होतो. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तो कागदाला ताकद देऊ शकत नाही. तुकडा जितका बारीक, तितका तंतू आधीच कापला जातो, आणि भुशासारखा बारीक तुकडा जाळीतून पाण्याबरोबर वाहून जातो. त्यामुळे ‘पी-७’ चा चुरा गिरणीला नकोसा असतो. ‘पी-४’ चे तुकडे मात्र पुठ्ठ्यासाठी चालतात. दुसरे असे की, कुंडात लगदा झालेल्या पानावरून एक अक्षरही पुन्हा वाचता येत नाही. म्हणून रुग्णालयात मध्यम तुकडे करावेत आणि उरलेले काम लगद्याच्या कुंडाने करावे, हा मार्ग आम्हांला सर्वांत हितावह वाटतो.

या तत्त्वाचे सर्वपरिचित उदाहरण आपल्या नोटांचे आहे. एके काळी रिझर्व्ह बँक जीर्ण नोटा जाळीत असे. पुढे तासाला ५० ते ६० हजार नोटा तपासणारी यंत्रे आली. ती खराब नोटा जागीच कापतात आणि त्या चुऱ्याच्या दाबून विटा केल्या जातात. नोव्हेंबर २०१६ च्या निश्चलनीकरणानंतर रद्द नोटांचा चुरा केरळातील कण्णूरजवळच्या वेस्टर्न इंडिया प्लायवूड्स या कारखान्यात लाकडाच्या लगद्यात मिसळून फलक बनविण्यासाठी वापरला गेला. काल ज्या कागदासाठी तिजोऱ्या होत्या, त्याच कागदाचा दुसऱ्या दिवशी फलक झाला.

प्रत्येक कागद मात्र गिरणीत जाऊ शकत नाही. ईसीजी व यंत्रातून निघणाऱ्या पावत्या बहुधा उष्णतासंवेदी कागदावर असतात. त्यांवरील रासायनिक थर पुनर्वापराच्या कागदात उतरणे इष्ट नाही. एक्स-रे फिल्म हा कागदच नव्हे. तिच्यावर चांदीचा अंश असतो आणि तिची विल्हेवाट स्वतंत्रपणे लावावी लागते. रक्त वा द्रव लागलेला कागद २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतच जातो. कार्बन पेपर आणि प्लास्टिकचे आवरण चढविलेली कार्डे कापली जातात, परंतु लगद्यासाठी पाठविली जात नाहीत.

आपल्या रुग्णालयातील पद्धत

नाशास पात्र फाइलींची यादी प्रथम अभिलेख विभाग तयार करतो. वैद्यकीय अधीक्षक, लेखाविभागाचा प्रतिनिधी आणि एक विश्वस्त यांची समिती ती तपासते. त्यानंतर तीस दिवस आधी सूचनाफलकावर जाहीर सूचना लावली जाते. सूचनेत रुग्णांची नावे नसतात. केवळ वर्ष व नोंदणी क्रमांकांची मालिका असते, जेणेकरून ज्यांना आपले कागद हवे असतील त्यांना ते नेता यावेत.

ठरलेल्या दिवशी बंद खोलीत कापणी होते. आत जाताना भ्रमणध्वनी बाहेर ठेवावा लागतो. तुकडे पोत्यांत भरून प्रत्येक पोत्याला क्रमांकाचे सील लावतात, काट्यावर वजन होते, आणि सील क्रमांक व वजन नाश नोंदवहीत लिहिले जाते. पोती थेट गिरणीत जातात. वाटेत वखार नाही, प्रतवारी नाही. आमचा प्रतिनिधी सील तपासतो, पोती कुंडात रिकामी होईपर्यंत तेथे थांबतो आणि गिरणीची काटापावती व प्रमाणपत्र घेऊन परततो. कागद हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे पावसाळ्यात दोन काट्यांत थोडा फरक पडतो. म्हणून केवळ वजनावर विसंबून न राहता सील क्रमांकांचा मेळ घातला जातो. नाश नोंदवही कायम जतन केली जाते. फाइल गेली तरी ती केव्हा, कोणाच्या आदेशाने आणि कोणासमोर गेली, हे सांगता आलेच पाहिजे.

खर्चाचा हिशेब

देणगीदारांच्या मनात येणारा रास्त प्रश्न असा, की या खटाटोपाला खर्च किती आणि उत्पन्न किती? येथे एक साधा हिशेब मांडतो. नेहमीच्या जाडीच्या ए-फोर पानाचे वजन सुमारे पाच ग्रॅम असते. चाळीस पानांची फाइल म्हणजे दोनशे ग्रॅम, आणि एक टन कागद म्हणजे अशा पाच हजार रुग्णांच्या फाइली. रद्दीचा भाव किलोला दहा रुपये धरला, तर एका फाइलीचे मोल दोन रुपये होते. दोन रुपयांसाठी रुग्णाचे नाव, गाव, उत्पन्न आणि आजार बाजारात ठेवावा काय, याचे उत्तर कोणत्याही ताळेबंदाशिवाय देता येते.

तुकड्यांना अखंड रद्दीपेक्षा कमी भाव मिळतो. शिवाय यंत्र, वीज, मनुष्यबळ व वाहतूक यांचा खर्च असतो. निव्वळ व्यापारी दृष्टीने पाहिल्यास हा व्यवहार तोट्याचा आहे. जी अल्प रक्कम हाती येते, ती गरीब रुग्णांच्या औषधसाह्यासाठी स्वतंत्रपणे जमा केली जाते. उरलेला खर्च आम्ही निर्जंतुकीकरणाच्या खर्चासारखा मानतो. त्यातून उत्पन्न निघत नाही. पण तो वाचविणे कोणत्याही रुग्णालयाला परवडत नाही.

रुग्णांच्या आप्तांना विनंती

रुग्णालयाची जबाबदारी त्याच्या दारापर्यंत असते. घरी नेलेल्या कागदांची काळजी कुटुंबालाच घ्यावी लागते. म्हणून काही सूचना :

१. घरी जातानाचा सारांश-कागद, शस्त्रक्रियेची टिपणी आणि तपासणीचे अहवाल जपून ठेवावेत. अभिलेखाची प्रत हवी असल्यास मुदतीत लेखी अर्ज करावा.

२. ईसीजीची पट्टी काही वर्षांत फिकी पडते. तिची छायाप्रत काढून सोबत ठेवावी.

३. जुने केसपेपर वा औषधांच्या चिठ्ठ्या वर्तमानपत्रांच्या रद्दीत मिसळू नयेत. नाव, पत्ता व क्रमांक असलेला भाग कापून त्याचे बारीक तुकडे करावेत. पाण्यात भिजवून कुस्करल्यास अधिक उत्तम.

४. आधार कार्डाची छायाप्रत देताना शक्य असेल तेथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी, आणि ती कोणत्या कामासाठी दिली हे तीवर लिहावे.

५. एक्स-रे फिल्म रद्दीत देऊ नयेत. नको असलेल्या फिल्म आमच्या क्ष-किरण विभागात आणून द्याव्यात.

रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा शरीराबरोबर आपली लाजही आमच्या स्वाधीन करतो. उपचार संपल्यावर शरीर घरी जाते. लाज मात्र अनेक वर्षे आमच्या कपाटात असते. तिचा शेवटपर्यंत सांभाळ करणे हे शुश्रूषेचेच अंग आहे, अशी आमची धारणा आहे. अभिलेख विभागातील कर्मचारी हे काम कोणाच्याही नजरेत न येता वर्षानुवर्षे करीत आहेत. त्यांचा येथे कृतज्ञतापूर्वक उल्लेख करतो. ज्यांना ही पद्धत प्रत्यक्ष पाहावयाची असेल, अशा देणगीदारांनी व विश्वस्तांनी कार्यालयाशी पूर्वसंपर्क साधावा. फाइली दाखविता येणार नाहीत. नाश नोंदवही मात्र अवश्य दाखवू.



— रुग्णालय प्रशासन